मीटर आधी टाकीला, मग नळाला

शहापूर तालुक्यात तानसा धरण 1892 पासून आहे, पुढे भातसा आले. मुरबाडमधील गावे बारवी धरणाच्या बुडितात गेली. या धरणांचे पाणी महानगरांना आणि कारखान्यांना जाते, आणि भरपूर पावसाच्या या तालुक्यांत एप्रिल-मे उजाडला की पाड्यांवर टँकर फिरतो. 2015 मध्ये शहापूर आणि मुरबाड इथे नगरपंचायती झाल्या, इमारती वाढल्या, मागणीही वाढली. नळजोडणीला मीटर लावण्याचा प्रश्न आज ना उद्या येणारच. मीटर हवेत, हे आमचे ठाम मत आहे. पण ते घरांपासून सुरू करू नयेत, असेही आम्ही तितक्याच ठामपणे म्हणतो.

कारण तांत्रिक आहे. दिवसाआड तासभर पाणी सोडले की रिकाम्या वाहिनीतली हवा आधी नळाकडे धावते आणि मीटरचा काटा फिरवते. मग ग्राहक हवेचे बिल भरतो, आणि एकदा त्याचा विश्वास उडाला की वसुली बसते. म्हणून घरांना मीटर लावण्याआधी गळती कुठे आहे ते कळायला हवे. दहा मीटर लांब-रुंद टाकीचा भरणा रात्री बंद करावा, वितरणाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा आणि लोकांना नळ बंद ठेवायला सांगावे. सकाळी पातळी दहा सेंटिमीटर उतरलेली दिसली, तर दहा हजार लिटर पाणी जमिनीत किंवा चोरजोडण्यांत गेले. माणशी 55 लिटरच्या जलजीवन मिशनच्या निकषाने ते 180 माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. हा हिशेब घरचा मीटर सांगत नाही. टाकीच्या तोंडाशी आणि प्रत्येक विभागाच्या वाहिनीवर बसवलेला मीटर सांगतो. कराडजवळच्या मलकापूरमध्ये मीटर टिकले, ते चोवीस तास दाब राखणाऱ्या योजनेचा भाग होते म्हणून.

“धरणाला जमिनी आम्ही दिल्या, मग मीटरही आम्हालाच?” हा आक्षेप रास्त आहे. पण धरणातला वाटा मागायला गेल्यावर शासनापुढे गरजेचा मोजलेला आकडाच ठेवावा लागतो. अंदाजाला तिथे कोणी विचारत नाही. दुसरा आक्षेप गरिबांचा. त्याचे उत्तर दरात आहे: पाच माणसांच्या घराला महिन्याला सव्वाआठ हजार लिटरपर्यंत नाममात्र दर, त्यापुढे चढता. मात्र ही मर्यादा जोडणीवर न ठरवता माणसांवर ठरवावी. नाहीतर एका नळावर तीन बिऱ्हाडे भागवणारी चाळ चढत्या दरात सापडते आणि दोघांचा बंगला सुटतो.

पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांना आमची विनंती आहे, की घरगुती मीटरची निविदा काढण्याआधी या उन्हाळ्यात प्रत्येक टाकीची रात्रीची चाचणी घ्यावी आणि तिचा निकाल नगरपंचायतीच्या फलकावर लावावा.