पाण्याखालचे १४ सेकंद

ऑगस्ट २०२५ मध्ये चीनमधील चेंगडू येथे वर्ल्ड गेम्स झाल्या. ऑलिंपिकमध्ये जागा न मिळालेल्या अनेक खेळांचे हे व्यासपीठ. त्यात फिन स्विमिंगही होते. दोन्ही पावले एकाच रुंद कल्ल्यात, म्हणजे मोनोफिनमध्ये अडकवून माशासारखे पोहायचे. या खेळाच्या चित्रफिती आता आपल्या मुलांच्या मोबाइलवर फिरतात, म्हणून एका डॉक्टरने यावर लिहिणे गरजेचे वाटते.

यातली ५० मीटरची एक शर्यत पूर्णपणे पाण्याखाली, एका श्वासात पोहतात. अव्वल पुरुष जलतरणपटू ती साधारण १४ सेकंदांत संपवतात. ऑलिंपिकमधील ५० मीटर फ्रीस्टाइलला २१ सेकंद लागतात. फरक केवळ मोनोफिनचा नाही. पृष्ठभागावर पोहणाऱ्याची बरीच ताकद लाटा उठवण्यातच खर्ची पडते. खाली ती वाचते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानच्या डायची सुझुकीने बॅकस्ट्रोकमध्ये सुरुवातीचे सुमारे ३० मीटर पाण्याखालून कापले आणि सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर नियम बदलले. आज ही मर्यादा १५ मीटर आहे.

मग हा खेळ धोकादायक आहे का? माझ्या मते शर्यत नाही, सराव आहे. तोही एकट्याने केलेला. निरोगी तरुणाला १४ सेकंद श्वास रोखणे अवघड नसते. पण तयारी म्हणून मुले ‘आज दोन लांब्या, उद्या तीन’ करू लागतात आणि त्याआधी काठावर उभे राहून भराभर दहा-वीस खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा वाढतो, हा समज चुकीचा आहे. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन ऑक्सिजनने आधीच ९७-९८ टक्के भरलेले असते. भराभर श्वासांनी कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि ‘आता वर ये, श्वास घे’ ही निकड मेंदूला मुख्यतः त्याच्याच वाढत्या प्रमाणावरून कळते. ती घंटा उशिरा वाजते. तोवर ऑक्सिजन इतका उतरतो की पोहणारा शुद्ध हरपतो, अनेकदा कोणतीही जाणीव न होता. हातपाय मारणे नाही, ओरडणे नाही. काठावरच्यांना वाटते, पोरगा अजून दम धरून आहे. चांगला पोहणारा यात अधिक सापडतो, कारण जिवाची तगमग दाबून ठेवणे त्याने शिकून घेतलेले असते.

याच खेळात हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याच्या शर्यतीही आहेत. तिथे धोका उलटा. दाबाखालची हवा छातीत भरून, श्वास रोखून वर आल्यास ती प्रसरण पावते. जेमतेम मीटर-सव्वा मीटरवरूनही फुप्फुस फाटू शकते.

आपल्या तलावांवर दर सुट्टीत ‘जास्त वेळ खाली कोण राहतो’ हा खेळ चालतो. त्यावर बंदी घालून भागेल असे मला वाटत नाही. मुले चोरून करतील. त्यापेक्षा भराभर श्वास घेण्याला सक्त मनाई हवी, आणि एक खाली असताना दुसऱ्याने फक्त त्याच्यावर नजर ठेवायची, ही शिस्त हवी. जीवरक्षकाचे लक्षही तळाकडे हवे. बऱ्याच ठिकाणी ते मोबाइलकडे असते.

बेशुद्ध व्यक्तीला बाहेर काढल्यावर उलटे धरणे, पोट दाबणे हे प्रकार आजही होतात. पाणी काढण्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा आणि मग छाती दाबावी. बुडण्यात मूळ तुटवडा ऑक्सिजनचा असल्याने नुसती छाती दाबणे अपुरे पडते. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करावा.

आणखी एक. पोहताना पूर्वी कधी भोवळ आली असेल, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर तलावाचा पास काढण्याआधी ईसीजी काढून घ्यावा. हृदयाच्या विद्युतप्रवाहातला एक आनुवंशिक दोष नेमका पोहतानाच उघड होतो. सरकारी रुग्णालयात ही तपासणी पाच मिनिटांत होते.