शेळीच्या कानातला बिल्ला

गावोगावच्या गुराढोरांच्या कानात आता पिवळे बिल्ले दिसतात. बिल्ल्यावर बारा आकडे असतात. जनावराची जात, वय, लसीकरण, मालकाचे नाव, मोबाईल नंबर ही सारी नोंद त्या आकड्यांवरून केंद्र सरकारच्या ‘भारत पशुधन’ प्रणालीत होते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली आदेश काढला. १ जून २०२४ पासून बिना बिल्ल्याच्या जनावराची बाजार समितीत वा आठवडी बाजारात खरेदी-विक्री नाही, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात उपचार नाहीत, आणि नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा जंगली जनावराच्या हल्ल्यात ते दगावले तर भरपाईही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

नोंदणीला आमचा विरोध नाही. २०२२ साली लम्पीने राज्यातील गोठे रिकामे केले, तेव्हा शासनाने दगावलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये जाहीर केले. कोणाचे किती जनावर गेले, साथ कोठून कोठे सरकली, कोणाला लस टोचली, हे नोंद असेल तरच कळते. लाळ्या-खुरकूत रोगाविरुद्ध २०१९ पासून देशभर जी लसीकरण मोहीम सुरू झाली, तीही या बिल्ल्याच्या आधारानेच चालते.

पण नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या गोठ्यात वीस दुभत्या गाई आहेत त्याच्याकडे डॉक्टर येतो, मोबाईल आहे, हिशेब ठेवणारा मुलगा आहे. आमच्या वस्तीतील खुरपणीला जाणाऱ्या बाईकडे दोन शेळ्या असतात. बिल्ल्यासाठी दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. बोरी-बाभळीत तोंड घालणाऱ्या शेळीचा बिल्ला ओरबाडून पडला, की पुन्हा तीच पायपीट. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. मुलाची फी, घरातले आजारपण, असा प्रसंग आला की तीच विकली जाते. अशा दिवशी बाजाराच्या दारातून ती परत पाठवली, तर दारात उभा असलेला व्यापारी तिला पडेल भावात घेतो. नियमाचा दंड असा न बोलता वसूल होतो.

दुसरी भीती विक्रीनंतरची. जनावर विकले, पण नोंदीत मालकाचे नाव बदलले नाही, तर कागदावर ते जुन्या मालकाचेच राहते. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आहे. विकलेला बैल पुढे कोठे सापडला, तर चौकशी आपल्या दारात येईल काय, ही शेतकऱ्याची धास्ती खोटी म्हणता येणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. बिल्ला मारणारा कर्मचारी वस्तीवर आला पाहिजे. मालक बदलण्याची नोंद बाजारातच, विकणाऱ्याच्या समोर झाली पाहिजे. आणि तडफडणाऱ्या जनावरावर आधी उपचार व्हावेत, बिल्ला त्याच वेळी तेथेच बसवावा. रोग बिल्ला पाहून येत नाही. बिना बिल्ल्याची आजारी शेळी दवाखान्यातून परत गेली तर ती बिल्लेवाल्या शेळ्यांतच जाऊन चरणार आहे.

आमच्या भगिनींना आणखी एक सांगणे आहे. शेळी तुम्ही राखता, पाला तुम्ही आणता, करडू तुमच्या हातावर वाढते. मग नोंदणीच्या वेळी मालक म्हणून नवऱ्याचेच नाव का सांगता? ज्याचे नाव नोंदीत, त्याचाच हक्क भरपाईवर. तुमचे स्वतःचे नाव सांगा, नंबर घरातल्या वहीत उतरवून ठेवा, आणि शेळी विकली की नाव बदलल्याची खात्री करूनच घरी या. ज्यांना वाचता येते त्या मुलामुलींनी वस्तीतील चार घरांचे हे काम एका रविवारी करून द्यावे. शासनाकडे मागणी करायची ती आपण करूच. पण नोंदीत आपले नाव बरोबर चढले की नाही, हे पाहायला दुसरा कोणी येणार नाही.