खालसा ‘झाले’ की ‘केले’?

मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे इतिहास इंग्रजीतून घोकला आणि मराठीतून घरी ऐकला. दोन्हीकडे सनावळ्या पक्क्या असतात, पण वाक्याच्या कर्त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

आता ‘डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स’च घ्या. हप्ता चुकला की विम्याची पॉलिसी लॅप्स होते. म्हणजे चूक आपली, नाहीतर कुणाचीच नाही. मुदत संपली, विषय संपला! प्रत्यक्षात काय झालं? साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीनं १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं आणि त्यांच्या भावाला गादीवर बसवलं. १८४८ मध्ये तेही वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसीनं दत्तक नामंजूर केला आणि राज्य घेतलं. १८५४ मध्ये नागपूर घेतलं, तेव्हा तर भोसल्यांचे दागिने, हत्ती-घोडे लिलावात काढले. हत्तींचा लिलाव कुठल्या ‘लॅप्स’मध्ये बसतो, सांगा बरं!

आपण मराठीत काय लिहितो? ‘सातारा खालसा झाले.’ जणू संध्याकाळ झाली, पाऊस झाला. ‘झाले’ला करणारा लागत नाही. ‘केले’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी? कशाच्या जोरावर?

आम्ही इंजिनीअरिंगवाले या भाषेत तरबेज. जर्नलमध्ये ‘रीडिंग घेण्यात आले’ असंच लिहायचं असतं. तिथे ते चालतं, कारण रीडिंग मी घेतलं काय नि पार्टनरनं घेतलं काय, उत्तर तेच यायला हवं. इतिहासात मात्र कर्ता पुसला की जबाबदारीच पुसली जाते.

कुणी म्हणेल, राज्य तर गेलंच, आता शब्दांचा कीस कशाला? पण लॅप्स झालेली वस्तू परत मागता येत नाही, हिसकावलेली मागता येते. रंगो बापूजी साताऱ्याची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले, ते याच फरकासाठी.

आणि हो, हा नियम आपल्यालाही लागू करायचा. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. आपण त्याला ‘मोहीम’ म्हणतो, वसुलीला ‘चौथाई’. बंगाली लोक त्याच मराठी घोडेस्वारांना ‘बर्गी’ म्हणतात, आणि त्यांची भीती तिथल्या अंगाईगीतात आजही आहे. गावं कुणी लुटली, या प्रश्नाचं उत्तर मराठी असलं तरी ते लिहायलाच हवं. नाहीतर डलहौसीला जाब विचारायचा आपल्याला काय हक्क?

तेव्हा मित्रांनो, इतिहासाचं पुस्तक हातात आलं की एक सोपा प्रयोग करा. प्रत्येक ‘झाले’च्या जागी ‘केले’ घालून बघा. वाक्य अडलं, तर समजा कुणाचं तरी नाव गाळलंय. ते नाव शोधा. खरा इतिहास तिथून सुरू होतो.