कौल एका दिवसाचा, शेजार पिढ्यांचा



वेगळ्या विदर्भाचा विषय जिल्हा बैठकीत निघाला की काय होते ते आपण सगळे जाणतो. सुरुवातीला कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष, विजेचे भारनियमन यांवर बोलणे होते. मग कोणी एखाद्याला 'मुंबईवाल्यांचा माणूस' म्हणतो, तो उलटून 'महाराष्ट्रद्रोही' म्हणतो आणि अनुशेष तिथेच राहतो. विदर्भातला कार्यकर्ता आणि मराठवाड्यातला कार्यकर्ता, दोघेही कोरडवाहू, दोघांच्याही शेतात कपाशी आणि ज्वारी. पण त्यानंतर एकमेकांच्या गावच्या सभेला जाईनासे होतात.

वेगळे राज्य असावे की नसावे, हा या लेखाचा विषय नाही. असा वाद घालायचा कसा, हा विषय आहे. त्यासाठी आपल्या वादाहून पुष्कळ मोठा एक वाद पाहू. आपल्याकडे प्रश्न एका देशातल्या वेगळ्या राज्याचा आहे आणि घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे त्याचा निर्णय संसद करते. स्कॉटलंडमध्ये प्रश्न वेगळ्या देशाचा होता आणि निर्णय लोकांच्या मतावर होता. तरीही तिथे घरे फुटली नाहीत. का फुटली नाहीत, ते समजून घेण्यासारखे आहे.

स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेचा मुलूख. बार्ली, मेंढ्या आणि गुरे यांची शेती. सार्वमताच्या वेळी लोकसंख्या सुमारे ५३ लाख. १७०७ पासून इंग्लंडबरोबर एका राज्यात आणि १९९९ पासून स्वतःची विधानसभा. १८ सप्टेंबर २०१४ रोजी लोकांना एका ओळीचा प्रश्न विचारला गेला: स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा काय? १६ वर्षांच्या मुलामुलींनाही मत होते. ८४.६ टक्के मतदान झाले. 'नाही' म्हणणारे २० लाख १ हजार ९२६, म्हणजे ५५.३ टक्के. 'होय' म्हणणारे १६ लाख १७ हजार ९८९, म्हणजे ४४.७ टक्के. इतक्या जवळच्या निकालानंतरही कोणी बंदूक उचलली नाही. तीनच दिवसांनी, रविवारी, एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये सलोख्याची प्रार्थना झाली. तिला दोन्ही बाजूंचे नेते आले.

ती माणसे काही संत नव्हती. ऐक्याच्या बाजूचे खासदार जिम मर्फी गावोगाव खोक्यांवर उभे राहून भाषणे करत, त्यांच्यावर अंडे फेकले गेले आणि काही दिवस दौरा थांबवावा लागला. 'हॅरी पॉटर'च्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी ऐक्याच्या प्रचाराला दहा लाख पौंड दिले, तेव्हा त्यांना घाणेरड्या शिव्या खाव्या लागल्या. स्वातंत्र्याच्या प्रचाराला पैसे देणाऱ्यांच्याही वाट्याला तेच आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्लासगोच्या जॉर्ज चौकात धक्काबुक्कीही झाली. तरी वाद हाताबाहेर गेला नाही. याचे मोठे कारण असे, की भांडणाचे नियम भांडण पेटण्याआधी ठरले होते.

१५ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे मतदानाच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरॉन आणि स्कॉटलंडचे प्रमुख मंत्री सामंड यांनी एडिंबरोत करारावर सह्या केल्या. सार्वमत कायदेशीर कसे होईल ते त्यात ठरले. निकाल काहीही लागो, दोन्ही सरकारे त्याचा मान राखतील हेही लिहिले गेले. प्रश्नाचे शब्दसुद्धा तपासले गेले. स्कॉटलंड सरकारचा मूळ प्रश्न 'आपण सहमत आहात काय' असा सुरू होत होता. निवडणूक आयोगाने तो लोकांना दाखवून पाहिला आणि सांगितले, हे शब्द माणसाला 'होय'कडे ढकलतात. सरकारने ते शब्द काढले.

शेतीत आपण हेच करतो. ज्वारीच्या दोन वाणांची तुलना करायची तर जमीन एक, पेरणीची तारीख एक, खताची मात्रा एक, हे आधी ठरते. एक वाण भारी काळ्या जमिनीत आणि दुसरे मुरमाड बरडावर पेरले, तर खळ्यावर उत्पन्न मोजताना भांडण ठरलेलेच. हरणाऱ्याला 'मोजणी सरळ झाली' असे वाटले, तरच तो निमूट घरी जातो.

नियम सैल राहिले तर काय होते ते कॅनडाच्या क्विबेक प्रांतात दिसले. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात प्रश्न लांबलचक होता. सार्वभौमत्व आणि उरलेल्या कॅनडाशी भागीदारी, दोन्ही एकाच वाक्यात. वेगळे होण्याच्या बाजूला ४९.४२ टक्के, विरुद्ध ५०.५८ टक्के, फरक ५४ हजार २८८ मतांचा. त्या रात्री प्रांताचे प्रमुख पारिझो यांनी जाहीर भाषणात पराभवाचे खापर 'पैसा आणि परक्या वंशाची मते' यांवर फोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली, पण वाक्य परत घेता येत नाही. बाहेरून येऊन तिथे रुजलेल्या कुटुंबांनी ते ऐकले होते. 'तुम्ही आमच्यात मोजलेच जात नाही' असाच त्याचा अर्थ होता. ज्या शेजाऱ्यांची मते पुढच्या वेळी मागायची, त्यांनाच गावाबाहेर काढले.

याहून वाईट ब्रिटनमध्येच घडले. युरोपीय संघात राहायचे की नाही यावर २३ जून २०१६ रोजी सार्वमत होते. त्याच्या एक आठवडा आधी, १६ जूनला, संघात राहण्याचा प्रचार करणाऱ्या खासदार जो कॉक्स यांचा त्यांच्याच मतदारसंघात खून झाला. मारेकऱ्याला कोर्टात नाव विचारले तेव्हा त्याने आपले नाव 'गद्दारांना मृत्यू' असे सांगितले. सभेत टाळ्या मिळवण्यासाठी 'गद्दार' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात खून नसतो. पण ऐकणाऱ्यांत कोण बसला आहे, हे बोलणाऱ्याला माहीत नसते.

काही तरुण कार्यकर्ते म्हणतील, साहेब, ही मवाळांची भाषा झाली. चळवळ रास्ता रोको करते, तुरुंगात जाते, तिला सौम्य बोलायला काय सांगता? हा प्रश्न रास्त आहे. सत्तेशी भांडताना आवाज चढवावा लागतो, कारण सत्ता हळू आवाज ऐकत नाही. पण बैठकीत शेजारी बसलेला, आपल्यासारखाच कर्जात बुडालेला, फक्त वेगळे मत असलेला शेतकरी म्हणजे सत्ता नव्हे. त्याच्यावर ओरडून सरकारचा एक पैसाही हलत नाही.

शिवाय गोड भाषा म्हणजे सभ्यता, असेही नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री ऑस्बॉर्न यांनी एडिंबरोत येऊन, अगदी शांतपणे, स्वतंत्र झालात तर पौंडात भागी मिळणार नाही असे सांगितले. मतदानाच्या आठवडाभर आधी मोठ्या बँकांनी नोंदणीची कचेरी इंग्लंडला हलवण्याची भाषा केली. शिवी एकही नव्हती, पण अनेकांना ती धमकी वाटली. इतरांना ती वेळेवर दिलेली माहिती वाटली. धमकी की माहिती, हे ठरवायचे तर आकडे मागावे लागतात आणि उलट प्रश्न विचारावे लागतात. जिथे शिवीगाळ चालू असते तिथे आकडे कोणी मागत नाही. म्हणून सभ्यतेची गरज बलवानापेक्षा दुबळ्याला जास्त असते.

तिथल्या शेतकऱ्यांचे वागणे यासाठी पाहण्यासारखे आहे. 'एनएफयू स्कॉटलंड' या त्यांच्या मोठ्या संघटनेत दोन्ही मतांचे सभासद होते. संघटना तटस्थ राहिली, पण गप्प राहिली नाही. अनुदानाचे काय, बाजाराचे काय, चलनाचे काय, असे प्रश्न तिने दोन्ही बाजूंना विचारले. त्यातला एक प्रश्न रोकड्या पैशाचा होता. स्कॉटलंडचे दर हेक्टरी अनुदान फार कमी, म्हणून युरोपीय संघाने ब्रिटनला २०१४ ते २०२० या काळासाठी २२ कोटी ३० लाख युरो जादा दिले आणि लंडनच्या सरकारने ते सगळ्या देशात वाटून टाकले. 'होय'वाले म्हणाले, स्वतंत्र असतो तर हे आपलेच होते. 'नाही'वाले म्हणाले, स्वतंत्र झाल्यावर संघात प्रवेश कधी आणि कोणत्या अटींवर मिळेल ते आधी सांगा. दोन्ही म्हणण्यांत दम होता. सार्वमत झाले, स्वातंत्र्य आले नाही, पण मागणी थांबली नाही. २०१९ मध्ये ब्रिटन सरकारने स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांसाठी १६ कोटी पौंड देण्याचे जाहीर केले. 'होय'वाला आणि 'नाही'वाला एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले असते, तर एका आवाजात ही मागणी कोणी केली असती?

इतके लांब जायचे नसेल तर आपला गोवा आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, विरोधाची दोन पाने. वाद कडवट होता. विलीनीकरणाच्या बाजूचे 'गोमंतक' मराठीत निघत होते आणि विरोधातले 'राष्ट्रमत'ही मराठीतच. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणवादी. ते खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ आणि फुलाला १ लाख ३८ हजार १७० मते पडली. बांदोडकर हरले. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने त्यांचा पक्ष निवडून दिला आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांनी मत नाकारले, माणूस नाकारला नाही.

हे प्रश्न एका कौलाने संपत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लंडनच्या संसदेच्या संमतीवाचून स्कॉटलंडची विधानसभा दुसरे सार्वमत घेऊ शकत नाही. तरीही तिथली चर्चा चालूच राहिली. आपल्याकडे १९५३ चा नागपूर करार झाला, १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि वाद अजून आहेच. तो पुढच्या पिढीलाही घालावा लागेल. म्हणून आज असे बोलावे, की उद्या पुन्हा समोरासमोर बसता येईल.

माझी सूचना आहे, की येत्या प्रत्येक जिल्हा बैठकीत हा विषय घेण्याआधी पुढील ठराव करावा.

एक, चर्चेचा प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहावा आणि दोन्ही बाजूंनी तो मान्य केल्यावरच चर्चा सुरू करावी.

दोन, दोन्ही बाजूंना वेळ सारखा. विदर्भातल्या बैठकीत मराठवाड्याच्या माणसाला आणि मराठवाड्यातल्या बैठकीत विदर्भाच्या माणसाला आधी बोलू द्यावे.

तीन, बोलणाऱ्याची जात, जिल्हा, पक्ष किंवा निष्ठा काढली, तर अध्यक्षांनी त्याला तिथेच थांबवावे, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो.

चार, आकडा सांगणाऱ्याने तो कोठून आणला तेही सांगावे.

पाच, बहुमत कोणतेही होवो, अल्पमताचे म्हणणे बैठकीच्या वृत्तांतात त्यांच्याच शब्दांत नोंदवावे.

यात कोणालाही मत सोडायला सांगितलेले नाही. मत ठासून मांडा, आकड्यांनी मांडा, रात्रभर मांडा. पण आपली कपाशी आणि त्याची कपाशी एकाच बाजारात, एकाच पडत्या भावाने विकली जाते, एवढे लक्षात ठेवून मांडा. भावासाठी रस्त्यावर उतरायची वेळ येईल, तेव्हा आज ज्याला गद्दार म्हणाल त्यालाच हाक मारावी लागणार आहे.