नेम बरोबर, मग छर्रा खाली का?



वर्षावासातील एका रविवारी वंदना झाल्यावर कुरुंद्याच्या आमच्या मंडळींत एका उपासिका ताईंनी विचारले, "दादा, पोराने पैसे साठवून छऱ्याची बंदूक घेतली, वर दुर्बीणही बसवली. पडवीत चार पावलांवर डबा ठेवून मारतो, पण एक लागेल तर शपथ. दुकानदाराने फसवले का?" ताईंचा खरा प्रश्न यापुढचा होता. पोराच्या हाती ही वस्तू असावी की नसावी? पण पहिला प्रश्न हिशेबाचा आहे आणि आमची सारी नोकरी हिशेबात गेली, म्हणून आधी तो.

दुकानदाराने फसवलेले नाही. डोळा दुर्बिणीतून पाहतो आणि छर्रा नळीतून निघतो. या दोन वेगळ्या रेषा आहेत. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा साधारण साडेचार सेंटीमीटर वर असतो. नळीला किंचित वर रोखून या दोन रेषा एका ठरावीक अंतरावर एकत्र आणायच्या, यालाच नेम जुळवणे म्हणतात. समजा १० मीटरवर जुळवली, तर १० मीटरवर छर्रा फुलीवर बसेल. त्याच्या अलीकडे मात्र दोन रेषा अजून भेटलेल्या नसतात. चार मीटरवर छर्रा सुमारे अडीच सेंटीमीटर खाली लागतो, दोन मीटरवर सुमारे साडेतीन. पोराचा हात स्थिर आहे, नेम बरोबर आहे, आणि तरी छर्रा खालीच जातो, तो यामुळे. लोकांचा समज उलटा असतो. त्यांना वाटते, जितके जवळ तितके सोपे.

मग चार मीटरवरच का जुळवू नये? जुळवता येते. पण तसे केले की तीच बंदूक १० मीटरवर सुमारे सहा सेंटीमीटर वर मारते. शिवाय दुर्बिणीवरच्या फिरकीचा हिशेब पाहा. सर्वसाधारण दुर्बिणीत फिरकीची एक टिक म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. १० मीटरवर तीच टिक ०.७ मिलिमीटर होते आणि चार मीटरवर जेमतेम ०.३. अडीच सेंटीमीटर वर यायचे तर ऐंशीहून अधिक टिका फिरवाव्या लागतात. पोरे दहा-बारा टिका फिरवतात, फरक दिसत नाही, आणि दुर्बीण खराब म्हणून परत करायला निघतात. त्यात बहुतेक दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी बनवलेल्या. चार मीटरवर डबा धूसर दिसतो, आणि डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुली डब्यावरून सरकते. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का तर पुढे आणि मागे असा दुहेरी बसतो. साधी दुर्बीण त्याने लवकर ढिली होते.

म्हणून त्या मुलाला आमचे सांगणे एवढेच, की दुर्बीण काढून ठेव आणि अंतर १० मीटर कर. हे आम्ही मनाने सांगत नाही. ऑलिंपिकमधली एअर रायफलची स्पर्धा १० मीटरवरच होते आणि तीत दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्र, पुढे गोल कडे, एवढ्यावर नेम धरायचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि दहा गुणांचा मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! याच प्रकारात ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरो येथे जागतिक विजेतेपद मिळवले. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूर येथे ४०० पैकी ४०० गुण घेतले. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील एनसीसीतून झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. मुलींच्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. या खेळात अंगाची ताकद कमी आणि श्वासावरचा ताबा जास्त लागतो. आनापानसतीचा अभ्यास करणाऱ्या घरात तो परका वाटू नये.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या पैसेवाल्यांचे खेळ. महाग आहे, हे खरे. पण स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, रेल्वेत तिकीट तपासनीस झाला, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. शालेय क्रीडा स्पर्धांत नेमबाजी आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. हिंगोलीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी करायला पैसे पडत नाहीत. आपल्या समाजाला तर बंदूक नवी नाही. इंग्रजांनी लष्करातली आपली भरती बंद केली, तेव्हा ती उघडावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांपासून बाबासाहेबांपर्यंत लिहावे-भांडावे लागले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती त्यानंतर.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. वस्तू घरात असावी, पण अटींवर. ४.५ मिलिमीटरच्या व २० ज्यूलपर्यंतच्या बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरीही आपल्या वस्तीतला मुलगा ती खांद्यावर टाकून रस्त्याने गेला, तर पाहणारे त्याच्याकडे कसे पाहतील हे आपण जाणतो. दुसऱ्याच्या मुलाला जे हसून सोडले जाते, त्यासाठी आपल्या मुलाला ठाण्यात बसवले जाऊ शकते. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण मुलाला त्याच्या तोंडी देऊन नव्हे. बंदूक कापडी पिशवीत न्यावी, पावती सोबत असावी, आणि घरातले मोठे माणूस जवळ असावे.

आणि पाखरांवर एकही छर्रा नाही. केळीच्या बागेत पोपट आले, हळदीच्या बांधावर बुलबुल बसला, की पोरांचा हात शिवशिवतो. रोज 'पाणातिपाता वेरमणी' म्हणायचे आणि दुपारी बुलबुल पाडायचा, हे आपल्या घरात चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही तो गुन्हा आहे. इथे आमच्याकडे सवलत नाही. पहिले पाखरू पडले, की बंदूक कपाटात जाईल आणि किल्ली आईकडे राहील, हे आधीच सांगून ठेवावे.

ज्यांना सराव करायचाच आहे, त्यांनी डबा, दगड, भिंत यांवर मारू नये. छर्रा उलटून येतो आणि डोळा जातो. वाळूने भरलेले पोते, त्यापुढे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. मागे रस्ता, गोठा, घर नको. डोळ्यांना चष्मा हवा. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारावेत, एकेका छऱ्याला पाहून काही फिरवू नये. पाचांचा घोळका कुठे पडला ते पाहावे आणि तो मध्यावर येईल तेवढेच फिरवावे. घोळका न पडता पाचही विखुरले, तर दोष स्क्रूचा असेल किंवा श्वासाचा. आधी दुर्बिणीचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहावे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, आणि डबी लहान भावंडांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.