लोणावळ्याच्या पावसात वाळवंटाचं फूल

मंडळी, लोणावळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भुशी डॅम, गरमागरम भजी, चिक्कीची पाकिटं आणि एक्स्प्रेस-वेवरचं वीकएंडचं ट्रॅफिक. कॅक्टस? चान्सच नाही! पण लोणावळा लोकलच्या रुटवर ज्या नवीन सोसायट्या झाल्या आहेत ना, त्यांच्या बाल्कन्यांकडे जरा मान वर करून बघा. तळेगाव, वडगाव, कामशेत... दर तिसऱ्या ग्रिलमध्ये एक तरी काटेरी कुंडी दिसेल. कारण सोपं आहे. सकाळी सातला घर सोडायचं आणि रात्री नऊला परतायचं, अशा लाइफस्टाइलमध्ये दुसरं जगणार तरी काय?

इथेच सगळा लोच्या आहे. 'कॅक्टसला काही करावं लागत नाही' हा फंडा पुण्यात कदाचित चालून जातो. मावळात नाही.

जरा आकडे बघा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात ४,००० मिलिमीटरच्या वर, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उंच कॅक्टसच्या जंगलासाठी फेमस असलेल्या अ‍ॅरिझोनातल्या टक्सन शहराला अख्ख्या वर्षात मिळतो तो सुमारे ३०० मिलिमीटर. लोणावळ्यात जोराच्या दिवशी २४ तासांत २०० मिलिमीटर सहज पडून जातो. म्हणजे कॅक्टसचा आठ महिन्यांचा कोटा एका दिवसात!

मरतो तो पाण्याने नाही

तरीही कॅक्टसला मारतं ते पाणी नाही, साचलेलं पाणी मारतं. मुळांना हवा लागते. माती दिवसेंदिवस चिखल राहिली की मुळं गुदमरतात, बुरशी आत शिरते आणि झाड बुडापासून मऊ, तपकिरी होत जातं. वरून ते हिरवंगार दिसत असतं आणि आत खेळ संपलेला असतो. मावळची पाणी धरून ठेवणारी माती इंद्रायणी तांदळाला झकास. कॅक्टसला तीच माती म्हणजे शिक्षा.

म्हणून पहिला खर्च कुंडीवर. गिफ्ट शॉपमधले गोड मग, ज्यांना खाली भोकच नसतं, ते पेनं ठेवायला वापरा. कॅक्टसला मातीची, भोक असलेली, झाडापेक्षा जेमतेम मोठी कुंडी द्या. त्यात निम्म्याहून जास्त जाड वाळू, बारीक खडी आणि विटांचे तुकडे, बाकी थोडी माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. पाणी ओतलं की काही सेकंदांत ते खालून बाहेर आलं पाहिजे. हीच टेस्ट.

दुसरी गोष्ट, छप्पर. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधली पॉलिहाऊसेस तुम्ही येता-जाता पाहिली असतील. तिथल्या गुलाबांच्या डोक्यावर प्लास्टिक असतं आणि बाजूने हवा खेळती असते. आपल्याला बाल्कनीत हेच मिनी साइजमध्ये करायचंय. ग्रिलच्या वर पारदर्शक पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. कुंडीला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. आणि आपल्याकडे पाऊस वाऱ्यासोबत पश्चिमेकडून आडवा येतो, तेव्हा त्या बाजूची बाल्कनी असेल तर जूनमध्येच कुंड्या आत, सगळ्यात उजेडाच्या खिडकीशी हलवा. या चार महिन्यांत पाणी जवळजवळ बंद.

काकूंचा एकिनॉप्सिस

हे सगळं मला शिकवलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी. त्यांच्याकडे एकिनॉप्सिस जातीचा, फुटबॉलएवढा जुना कॅक्टस होता. काकांनी सोलापूरला नोकरीत असताना लावलेला. तिथे तो उघड्या गच्चीवर मजेत वाढला. रिटायर होऊन दोघं तळेगावला आले, दोन वर्षांनी काका गेले. मग काकूंनी मुलाकडे बंगळुरूला राहायला जायचं ठरवलं. सामानात ही कुंडी बसेना. निघताना ती माझ्या दारात ठेवून म्हणाल्या, "अगं, सगळं वाटून टाकलं, हा मात्र कुणाला द्यावासा वाटेना. पाणी घालत बसू नकोस हं. इथल्या हवेतच काय कमी पाणी आहे?"

महिना कोणता, तर मे. पुढे अख्खा पावसाळा. दर रविवारी फोन यायचा आणि माझी चौकशी व्हायच्या आधी प्रश्न, "कसाय गं तो?" खरं सांगते, कुठल्याही एडिटरच्या डेडलाइनचं मला एवढं टेन्शन आलं नव्हतं. खिडकीशी स्टूल, स्टुलावर कुंडी, दर दोन दिवसांनी बुडाशी बोट लावून चेक करायचं, कडक आहे ना. सप्टेंबर संपला तेव्हा तो थोडा सुरकुतला होता, पण कडक होता. काकू म्हणाल्या, "सुरकुतू दे. सुरकुतलेला पुन्हा भरतो, सडलेला नाही."

फुलाचं सिक्रेट थंडीत

आता गंमत ऐका. जो मावळ पावसाळ्यात कॅक्टसचा व्हिलन असतो, तोच हिवाळ्यात हीरो होतो. बऱ्याचशा वाळवंटी कॅक्टसना फुलायच्या आधी थंड आणि कोरडी विश्रांती लागते. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, दिवसा लख्ख ऊन. परफेक्ट! मुंबईच्या उकाड्यातल्या फ्लॅटला हे सुख कुठलं? मात्र ऑक्टोबरमध्ये झाड एकदम कडक उन्हात नेऊ नका, चार महिने सावलीत राहिलेली त्याची त्वचा भाजते. दोन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवा. थंडीत महिन्यातून एखादा घोट पाणी पुरे. फेब्रुवारीनंतर पाणी वाढवा, थोडं कमी नायट्रोजनचं खत द्या.

एप्रिलमध्ये काकूंच्या कॅक्टसच्या कुशीला करड्या केसांचा एक गोंडा दिसला. बघता बघता तो वीतभर लांब झाला आणि एका संध्याकाळी पांढरंशुभ्र कर्ण्यासारखं फूल उघडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिटलंसुद्धा. फोटो मी रात्रीच बंगळुरूला पाठवला होता. रिप्लाय आला नाही, थेट फोन आला. बराच वेळ काकू काही बोलल्याच नाहीत.

घेताना डोळे उघडे ठेवा

सुरुवात करायची तर मॅमिलेरिया घ्या. त्याच्या डोक्यावर छोट्या फुलांची माळ येते. जिम्नोकॅलिशियम लहान वयात फुलतो आणि जरा कमी ऊनही चालवून घेतो. नर्सरीतला लाल-पिवळा गोळा असतो ना, हिरव्या दांड्यावर बसवलेला 'मून कॅक्टस', ते फूल नव्हे. ते हरितद्रव्य नसलेलं कलम आहे, खालच्या झाडाच्या जिवावर जगणारं. काही ठिकाणी तर वाळकी फुलं चक्क डिंकाने चिकटवून विकतात. हलकेच ओढून बघा! खात्रीचं बघायचं असेल तर हिवाळ्यात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारं पुष्पप्रदर्शन गाठा.

आणि हो, तुमच्या आईच्या बाल्कनीतलं, रात्री फुलणारं 'ब्रह्मकमळ' हाही कॅक्टसच. पण तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलात झाडांवर वाढणारा. त्याला सावली आणि ओलावा आवडतो, वरचे नियम त्याला लावू नका.

आपली शिंदळ माकुडी

जाता जाता एक लोकल स्टार. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती आहे. शास्त्रज्ञ तिला फ्रेरिया इंडिका म्हणून ओळखतात, १८६०च्या दशकातले मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून. ती कॅक्टस नाही, रुईच्या कुळातली आहे. पण खोड तसंच जाड, रसाळ. ती निसर्गात फक्त महाराष्ट्रात सापडते आणि ऐन पावसाळ्यात लालसर, पिवळ्या ठिपक्यांची चांदणी फुलवते. एवढ्या पावसात कशी तगते? उभ्या कातळावर राहते, पाणी थांबतच नाही! तुमच्या कुंडीला हाच कातळ बनवायचंय. बाकी ट्रेकला गेलात तर तिचा फोटो काढा, रोप उपटून आणू नका. ती आधीच दुर्मीळ आहे.

क्विक टिप्स

• बूड मऊ लागलं तर वरचा निरोगी भाग स्वच्छ सुरीने कापा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूवर ठेवा.
• कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा.
• काटे हाताळायला वर्तमानपत्राची घडी बेस्ट.
• कळी दिसली की कुंडीची जागा बदलू नका.
• ऑफिसच्या एसी क्युबिकलमध्ये कॅक्टस फुलत नाही. त्याला घरी न्या, या शनिवारीच.