वाढविलेला वेग आणि हमीपत्र

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक छोटेखानी न्यायसभा भरली. आरोपी आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव, वय वर्षें सतरा. मध्यें चौरंगावर त्यांचा लॅपटॉप. घेऊन आठच महिने झाले होते, पण पडद्यावर रंगीत पट्टे उमटूं लागले होते. हमी वर्षाची, तेव्हां तो कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रांत धाडावा, इतकें सोपें तें काम होतें. पण चिरंजीवांनीं खालीं मान घालून कबुली दिली कीं, खेळांतील चित्रें सफाईनें हलावींत म्हणून आपण ग्राफिक्स कार्डाचें 'ओव्हरक्लॉकिंग' केलें होतें.

हा शब्द ज्या वाचकांस नवा असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. ग्राफिक्स कार्डाची चिप ठरलेल्या ठोक्यांवर चालते. सेकंदास किती ठोके, हें कारखानदार ठरवून देतो. एखादा प्रोग्रॅम वापरून ते वाढवितां येतात. ठोके वाढले कीं त्या प्रमाणांत विजेचा खप वाढतो. विजेचा दाबहि वाढविला तर खप दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत चढतो. आणि त्या विजेची अखेर उष्णताच होते. मेजावरच्या मोठ्या संगणकांत उष्णतेस बाहेर पडावयास ऐसपैस वाट असते. लॅपटॉपांत मुख्य प्रोसेसर व ग्राफिक्स चिप पुष्कळदां एकाच तांब्याच्या नळीवर आपली उष्णता सोडतात. एका न्हाणीघरावर दोन बिऱ्हाडें! फार तापलें कीं कार्ड आपण होऊनच वेग उतरवितें, म्हणजे एवढ्या खटाटोपाची कमाई बेताचीच.

एन्व्हिडिया कंपनीनें २०१५ च्या आरंभीं नव्या ड्रायव्हरांतून लॅपटॉपांपुरती ही सोय बंद केली होती. हौशी ग्राहकांनीं असा गिल्ला केला कीं मार्चमध्यें ती परत द्यावी लागली. परंतु करूं देणें निराळें व त्याची हमी घेणें निराळें. हमीपत्र सामान्यतः माल व घडणावळ यांतील दोषांपुरतें असतें, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवून झालेलें नुकसान त्यांतून बहुधा वगळलेलें असतें. आपल्याकडील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचें ८७ वें कलमहि, वस्तूचा गैरवापर वा तींत फेरफार झाला असल्यास, विक्रेत्यावर उत्पादनदायित्वाचा दावा चालूं देत नाहीं. मात्र बिजागरी निखळली व तीहि ओव्हरक्लॉकिंगच्या माथीं मारली, तर ग्राहकानें अवश्य भांडावें.

बंधूंचें म्हणणें व्यवहाराचें होतें : प्रोग्रॅम काढून टाकला, वेग पूर्ववत् झाला, कोणास कळणार? आमच्या मातोश्रींस यांतलें फारसें कळलें नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या कागदावर 'काय झालें' म्हणून विचारलें आहे, तिथें काय लिहिणार रे?" बराच वेळ कोणी बोललें नाहीं. अखेर चिरंजीवांनींच फॉर्म ओढून घेतला व घडलें तें लिहिलें.

आठ दिवसांनीं उत्तर आलें : फुकट दुरुस्ती होणार नाहीं. चिप मुख्य बोर्डावरच डाख देऊन बसविलेली असल्यामुळें सबंध बोर्ड बदलावा लागेल. खर्च ३१,००० रुपये. बंधूंनीं रक्कम भरली. जेवतांना ते अजून म्हणतात कीं, कागदावर दोन ओळी कमी लिहिल्या असत्या तर हे पैसे वांचले असते. आणि नुसता हिशेब पाहतां त्यांचें चुकतें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.